किर्लोसचे आडनाव, कुंडलचा माळ आणि आपला घाट

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा पहिल्यांदा वाटले, शाळेच्या आठवणीच लिहाव्यात. जूनमध्ये भिजलेली दप्तरे, चौकुळ-गेळ्याहून इरली आणि घोंगड्या घेऊन चालत येणारी मुले, वर्गात शिरलेल्या धुक्यामुळे फळा न दिसणे. पण या गजाली संमेलनाच्या दिवशी होतीलच, आणि त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. म्हणून मी एका अशा माणसाबद्दल लिहितो आहे, ज्यांचे नाव मी याच शाळेत पहिल्यांदा ऐकले आणि ज्यांच्यामुळे माझ्या आयुष्यातल्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा का होईना मिळाले.

आपल्या समाजशास्त्राच्या सरांनी एकदा भिंतीवरच्या नकाशावर मालवणच्या वरच्या अंगाला खडूने एक ठिपका दिला होता. किर्लोस हे गाव त्या नकाशात नव्हतेच. विहिरीवरच्या पंपावर जे नाव ओतलेले असते, ते या गावावरून आलेले आडनाव आहे, असे सरांनी सांगितले. आम्हाला ते खरे वाटले नाही. एवढे मोठे नाव आणि गाव आपल्याकडचे? पुढे दहावीनंतर मी आयटीआयला गेलो आणि पहिल्याच दिवशी ज्या लेथवर उभा राहिलो, त्याच्यावरही तेच नाव होते. तेव्हापासून लक्ष्मणराव किर्लोस्कर माझ्या डोक्यात बसले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. जन्मगाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. घराणे कोकणातून घाटावर जाऊन स्थिरावलेले. संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच घराण्यातले आणि याच गावचे. लक्ष्मणरावांना पुस्तकी अभ्यासात गोडी नव्हती, चित्रकलेत होती. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचा रस्ता बंद झाला. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला ते शिकले आणि त्याच बळावर नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे उघडायची, पुन्हा जोडायची, यंत्रांवरची पुस्तके वाचायची, असे त्यांचे खरे शिक्षण झाले.

याच काळात त्यांनी सायकल नावाची नवलाई पाहिली. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवायच्या. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. 1888 साली निघालेले हे किर्लोस्कर बंधूंचे दुकान म्हणजे आजच्या सगळ्या पसाऱ्याचे मूळ. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

आता 1888 या सालापाशी जरा थांबा, कारण इथे आपला घाट येतो.

आगगाडी येण्यापूर्वी बेळगावकडचा माल आंबोलीच्या डोंगरातून खाली उतरून वेंगुर्ले बंदरात जात असे. आधी बैलांच्या पाठीवर, पुढे घाटरस्ता झाल्यावर गाड्यांमधून. वरून धान्य आणि कापूस खाली, खालून मीठ, नारळ आणि सुके मासे वर. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, ती काही समुद्राची शोभा पाहायला बांधलेली नव्हती. घाटमाथ्यावर मुक्काम पडायचा, बैल बदलायचे, चाके दुरुस्त व्हायची. आपले आंबोली त्या वाहतुकीवर उभे होते. मग 1880 च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली आणि 1888 मध्ये मुरगाव बंदराहून निघालेला लोहमार्ग कॅसलरॉकपर्यंत आला. देशावरच्या मालाला समुद्राकडे जाण्याची दुसरी, स्वस्त वाट मिळाली. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला. आपला घाट होता तिथेच राहिला, पण त्यावरून जाणारा माल दुसरीकडे वळला. ज्या वर्षी ती रेल्वे घाट चढली, त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्करांचे दुकान निघाले. यात योगायोग असेल, पण मुंबईच्या वस्तू बेळगावात आणून विकण्याचा धंदा तेव्हा जमू शकला यामागे आगगाडी होती, असे मला वाटते. एकाच रेल्वेने एका गावाचे दार उघडले आणि दुसऱ्या गावाचे ओढून घेतले.

बेळगावात लक्ष्मणराव सायकलींवर थांबले नाहीत. आजूबाजूला सगळी शेती. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला की निम्मा तुडवला जातो, म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग लोखंडी नांगर. काळ्या जमिनीतली हरळी लाकडी नांगराने मुळासकट निघत नसे. विलायती नांगर होते, पण ते महाग, आणि फाळ झिजला की नवा कुठून आणायचा हा प्रश्न. लक्ष्मणरावांनी इथल्या बैलांना ओढता येईल असा नांगर घडवला. तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, अशी समजूत होती. सुरुवातीचे मोजके नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे लक्षात ठेवा, पुढे मला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले न लागले तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. तिथे नवे उपनगर वसवायचे होते. गाव वाढत होते आणि वाढत्या गावात भट्टी आणि ठोकठाक नको होती. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले.

औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातला एक तुकडा कुंडलचा. तिथली 32 एकर जमीन ठरली. जागा म्हणावी तर निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट, पाण्याची ओरड. शेतकऱ्याने फुकट दिली तरी घेऊ नये अशी. पण त्या माळाला लागून पुणे-मिरज मार्गावरचे कुंडल रोड हे स्टेशन होते. लक्ष्मणरावांच्या हिशेबात मातीपेक्षा ते स्टेशन मोलाचे होते. ओतीव लोखंड आणि कोळसा ही वजनाची वस्तू आहे. ती बैलगाडीने लांबून आणायची म्हटली तर नांगराची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. तयार नांगरही वजनदारच. तो खानदेशात, वऱ्हाडात, कर्नाटकात पाठवायचा तर दाराशी वाघीण लागली पाहिजे. माळ पिकाऊ करता येत नसेल, पण माळावर कारखाना घालता येतो. स्टेशन मात्र स्वतःच्या पैशाने आणता येत नाही.

10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीचे होते. बेळगावहून मोजकी कुटुंबे त्यांच्याबरोबर आली. माणसे तंबूत आणि छपरांत राहिली. निवडुंग तोडला, विहीर खोदली, घरे उभी केली. कारखान्यातली कामे शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशा सहकाऱ्यांनी वाटून घेतली, तर वसाहतीचा संसार रामूअण्णांनी सांभाळला. तुरुंगातून सुटून आलेल्यांना तिथे राखणदार म्हणून कामावर ठेवले गेले, आणि त्यांनी ती राखण नीट केली. पाणी, घरे, शाळा, टपाल, दवाखाना या गोष्टी आपण आज सरकारकडे मागतो. तिथे त्या कारखान्याबरोबर उभ्या राहिल्या, कारण त्यांच्याशिवाय कामगार टिकलाच नसता. काही वर्षांनी रेल्वेच्या पाटीवर कुंडल रोडच्या जागी किर्लोस्करवाडी हे नाव लागले. स्टेशनमुळे कारखाना आला, आणि मग कारखान्याने स्टेशनला आपले नाव दिले. या एका पाटीत मला सगळा विषय दिसतो.

पहिल्या महायुद्धात या गाडीला खीळ बसली. बाहेरचे लोखंड येईना, कोळसा मिळेना. रेल्वे दाराशी असली तरी तिच्यातून माल आला नाही तर ती नुसती शिट्टी. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ही गोष्ट आपण शाळेत देशभक्तीची म्हणून ऐकतो. मला ती कच्च्या मालाची गोष्ट वाटते. कारखाना एकदा उभा राहिला की तो बंद पडू नये म्हणून आजूबाजूची माणसेही वाट काढायला लागतात, राजासुद्धा.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा. कालव्यांचे पाणी आले तिथे ऊस वाढला. नीरेच्या कालव्यावरचा ऊस तुम्ही भूगोलात वाचला असेल. उसाला खोल नांगरट लागते, म्हणून लोखंडी नांगर खपला. ऊस आला की गुऱ्हाळ आले, आणि गुऱ्हाळाला लोखंडी चरक लागला, तोही किर्लोस्करवाडीतून गेला. कालवा सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून नदी-विहिरीचे पाणी उचलायला पंप हवा. 1920 च्या दशकात तिथे पंप बनू लागले. पंपाला चालवायला इंजिन हवे, विजेची मोटर हवी. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.तून शिकून 1926 मध्ये परतले आणि त्यांनी ही पुढची मजल मारली. 1941 मध्ये हरिहरला लेथ बनवणारी कंपनी, 1946 मध्ये पुण्याला डिझेल इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटरी. मोटरींसाठी बंगळूर निवडले यात मला नवल वाटत नाही. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रची वीज 1902 पासून खेळत होती. आणि 1962 मध्ये कोयनेची वीज आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या विहिरींवर मोटरी बसल्या. वीज नसती तर मोटरी खपल्या नसत्या, आणि मोटरी नसत्या तर त्या विजेला खेड्यात घरच्या दिव्यांपलीकडे फारसे काम उरले नसते. रहाटगाडग्यासारखे हे आहे. एक पोहरा भरलेला वर येतो, तेव्हा रिकामा खाली जातो. दोन्हींतला एकच ठेवला तर पाणी येत नाही.

याच वाडीतून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. गिऱ्हाइकांशी आणि एजंटांशी बोलणे चालू राहावे म्हणून काढलेले ते पत्रक पुढे घराघरांतले 'किर्लोस्कर' मासिक झाले. आपल्यापैकी अनेकांच्या आईने-आजीने त्याचे भावंड असलेले 'स्त्री' वाचले असेल. तेही टपालाने आणि रेल्वेनेच घरी आले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता माझी गोष्ट. ती थोडक्यात सांगतो, कारण वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेली आहे.

आयटीआय संपल्यावर मी आंबोलीत परत आलो आणि घराच्या पडवीत वर्कशॉप घातले. एक जुना लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट. गाव घाटावर, बेळगाव-सावंतवाडीच्या गाड्या दारावरून जाणार, ट्रकवाल्यांची कामे मिळतील, पंप दुरुस्तीला येतील, असा माझा हिशेब. रस्ता आहे म्हणजे धंदा आहे, एवढेच मला कळत होते. पहिला पाऊस आला. लाईट गेली ती चार-चार दिवस येईना. वेल्डिंग बंद, लेथ बंद. लोखंडाला रात्रीत गंज चढायचा. कर्ज काढून जनरेटर घ्यावा म्हटले, तर कर्जाला सातबारा हवा. आपल्याकडच्या जमिनी कबुलायतदार गावकर पद्धतीच्या, माझ्या वडिलांचे स्वतंत्र नाव कुठे नव्हते. सुटा भाग हवा असला की वस्तीच्या गाडीने बेळगाव आणि दुसऱ्या दिवशी परत. ट्रक दारावरून जायचे खरे, पण घाट चढून आलेला ड्रायव्हर चहा प्यायचा आणि पुढे निघायचा. त्याला थांबवेल असे माझ्याकडे काही नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यात मी लेथ विकला. बाबांनी काही विचारले नाही. मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागलो आणि तिथेच माझी पस्तीस वर्षे गेली.

या पस्तीस वर्षांत मी दोन गोष्टी आळीपाळीने स्वतःला सांगत आलो. कधी म्हणायचो, चूक गावाची. इथे वीज नाही, जमिनीला कागद नाही, इथे कोणी काही करूच शकत नाही. कधी म्हणायचो, चूक माझी. लक्ष्मणराव दोन वर्षे न खपलेले नांगर घेऊन बसले, मी दोन पावसांत गाशा गुंडाळला.

निवृत्त झाल्यावर मी किर्लोस्करवाडीला गेलो. स्टेशनवर उतरलो, पाटी वाचली आणि बाकावर बराच वेळ बसून राहिलो. तिथे मला जे कळले ते असे. लक्ष्मणरावांची चिकाटी खरी, तिला तोड नाही. पण ती चिकाटी बेळगावात वाया जायची वेळ आलीच होती. तिला 32 एकर निर्विवाद जमीन मिळाली, तारणाची कटकट न घालणारे 10,000 रुपये मिळाले आणि दाराशी स्टेशन होते, म्हणून ती फळली. उलट बाजूने पाहिले तर त्या स्टेशनावरून 1910 पूर्वीही गाड्या जात होत्या. माळ माळच राहिला होता. तिथे उतरून काहीतरी बनवणारी माणसे आली, तेव्हा त्या रुळांचा उपयोग झाला. आपल्या घाटाचे तेच झाले आहे. तो दीडशे वर्षे आपल्या दारावरून जातो. त्याने आधी माल नेला, मग माणसे नेली. मी गेलो, तुमच्यातले निम्मे गेले. रस्ता वाईट नाही. पण ज्या गावात बनवण्यासारखे काही नसते, त्या गावाचा रस्ता फक्त बाहेरच नेतो.

याचा अर्थ आंबोलीत धुराडे हवे असा नाही. हिरण्यकेशीचा उगम, हे जंगल, हा पाऊस, जगात दुसरीकडे न सापडणारे आपले बेडूक, हे आपले भांडवल आहे आणि ते एकदा गेले की परत मिळत नाही. आपल्या वर्गातल्या ज्या मित्रमैत्रिणींनी इथेच राहून खाणावळ, घरगुती निवास किंवा दुकान चालवले, त्यांनी आम्हा बाहेर गेलेल्यांपेक्षा अवघड काम केले, हे मला आज मोकळेपणाने लिहायचे आहे. धबधब्याच्या तीन महिन्यांवर वर्षाचे बारा महिने काढायला लागतात. त्यांना आणि त्यांच्या मुलांना बाराही महिने हाताला काम देईल असे काही इथे उभे राहायला हवे. फणस, नाचणी, मध, बांबू यांचे काही असेल, नाहीतर नुसते पंप आणि मोटरी दुरुस्त करण्याचे असेल.

म्हणून समितीपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे एक सूचना ठेवतो. संमेलनासाठी जमलेल्या वर्गणीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधून द्यावी आणि तिच्यावर आपल्या तुकडीचे नाव कोरावे, असे ठरत आहे असे ऐकले. कमान चांगलीच दिसेल. पण त्याच पैशात शाळेच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड, दोन कामाची टेबले, हत्यारांचा संच आणि पावसात लाईट गेली तरी चालेल असा बॅटरी-इन्व्हर्टर बसू शकतो. शनिवारी मी येईन. बेळगाव काही लांब नाही, आणि या वयात मला दुसरे काम नाही. माझ्या वर्कशॉपमधून उरलेला एक व्हाइस अजून माझ्याकडे आहे. तो मी विकला नव्हता, का ते मलाच माहीत नाही. तो शेडला देईन.

शेडमुळे कारखाना निघेल असे मी म्हणत नाही. पण आठवी-नववीतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला बिघडलेली मोटर स्वतःच्या हाताने चालू करता आली, तर पुढे ती दोन पावसांत हार मानणार नाही. आणि जमिनीच्या कागदाचे व विजेचे भांडण तिच्या वतीने लढायला आपण एवढे जण आहोत, निरनिराळ्या खात्यांत आयुष्य घालवलेले. लक्ष्मणरावांना एक राजा भेटला होता. आता राजे नाहीत, माजी विद्यार्थी आहेत.

सरांना हा लेख दाखवता आला असता तर बरे झाले असते. त्यांनी खडूने दिलेला तो ठिपका पुढच्या तासाला पुसला गेला, पण माझ्यापुरता तो नकाशावरून कधी गेला नाही. समाजशास्त्राच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसायचो त्याबद्दल आज माफी मागतो, आणि तुम्हा सर्वांची संमेलनात भेट होईलच, तेव्हा कमानीबद्दल भांडायला तयार राहा.